अण्णांचं बोट

न्हाय न्हाय, उठू नका पावणं, बसा की निवांत, आत अजून तुमच्या आधीच्या बाई हायत. लेक व्हय तुमची? कॉलेजात? आन् त्यो हातातला फोन बघा — मान वर न्हाय पोरीची! शी! बघवत न्हाय मला. आमच्यातबी हेच हुतं. वृषभ, माझा एकुलता एक, यंदा बारावी — सकाळी डोळं उघडायच्या आधी हात उशीखाली! संडासात फोन घेऊन जायचं, आन् त्योच फोन मग ताटाशेजारी — किळस म्हंजे किळस, मला घास उतरायचा न्हाय. पयलं बस्तीत नेलतं त्याला — बस्ती म्हंजे आमचं जैनांचं देऊळ वो — चातुर्मासाला महाराज आलते, त्यांच्यासमोर नेम घेतला, 'फोन बघत जेवणार नाही.' झालं! बेणं असलं वस्ताद, नेम मोडला न्हाय, जेवणच सोडलं! आमचं जेवण दिवस बुडायच्या आत, तवर हे फोनात, आन् दिवस बुडाला की म्हणणार — 'आता अंधार पडला अण्णा, आता कसं जेवू?' देवाधर्माची अशी थट्टा!

मग ह्यो संमोहनवाला डॉक्टर कुणीतरी सांगितला. म्हटलं चला, मंगळवार पेठ काय लांब हाय का. आत जाताना मला म्हणतोय, 'काका, तुम्ही बाहेर थांबा.' मी कशाला थांबतोय? पोटचं पोर आत आन् मी बाहेर? आपल्यात डॉक्टरकडं गेलं की सगळं घर आत शिरतंय, व्हय का न्हाय? शिरलो. कोपऱ्यात खुर्ची ओढून बसलो. पोरगं मागं रेललेलं, डोळं मिटलेलं, हात सैल — झोपलंय म्हणावं तर बोलतंय. डॉक्टर आपला हळू आवाजात — 'फोन तुझ्या हातात आहे. काच कशी लागतेय?' पोरगं म्हणतंय, 'चिकट.' 'कशानं चिकट?' तर काय म्हणावं ह्यानं? 'अण्णांच्या बोटानं.'

आवं, धंदा हाय माझा! बाळासो मगदूम — शाहूपुरीत गुळाची अडत हाय आमची. दिवसभर ढेपेला नख लावायचं, चिमूट जिभंवर ठेवायची, तवा कळतंय गूळ कसला निघालाय. बोट चिकट होणार न्हाय तर काय होणार? चिकट बोटानं काच सरकत न्हाय, मग असं जिभंला लावायचं — हे बघा, असं — आन् असं फिरवायचं. सगळी अडत असंच करती... का वो? तोंड का फिरवलं? सरकलाबी व्हय? ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. पुसलं बघा धोतराला.

त्याची आई गेली तवा बारकं हुतं वो, नुसतं रडायचं, घासच घेईना. मग ह्या हातात फोन धरायचा, नाचरी चित्रं लावायची, तोंड उघडलं की ह्या हातानं घास. चित्र संपलं की जिभंला बोट, दुसरं चित्र, परत घास. असं वाढवलंय मी त्याला! आईची आठवण येऊ दिली न्हाय. आन् त्ये तिथं डोळं मिटून सांगतंय — 'तेच बोट भातात. तेच माझ्या तोंडात.' एवढी वर्सं गिळत आलं, पण कधी एका शब्दानं बोललं न्हाय मला. डॉक्टरला काय, घबाडच गावलं! 'आता फोन दिसला की ते बोट आठवेल, तीच चव तोंडात येईल' — परत परत म्हणत बसला. मी हितं कोपऱ्यात जिता माणूस बसलोय, मला हात कुठं ठेवावा कळंना. मांडीखाली घालून बसलो.

लागू पडलं का? पडलं की! फोन कपाटात पडलाय, बघत न्हाय त्याच्याकडं. पण मी ताट वाढलं की उठून जातंय. वाढदिवसाला पेढा भरवाय गेलो — दात आवळलं, आन् पळत जाऊन ओकलं. पेढा तोंडात गेलाबी नव्हता वो! आता कागलला आक्काकडं ऱ्हातंय, माझ्या थोरल्या भैणीकडं. तिथं पोटभर जेवतंय म्हणं. परवा गेलतो, तर आक्का दारातच म्हणाली, 'बाळू, त्याचं जेवण झाल्यावर येत जा.' स्वतःच्या बापाची किळस! असलं औषध असतंय का कुठं? आज म्हटलं डॉक्टर, हे उलटं करा. फोन लागू दे परत त्याला, नवा घेऊन देतो, दिसरात बघू दे, संडासात बघू दे, पण माझ्या ताटावर बसू दे. तर काय म्हणावं त्यानं? 'काका, किळस मी घातली नाही. होती तीच वापरली.' थू! दोनदा बाहेर काढलं मला. तरी बसलोय. जाऊ कुठं? घरी जाऊन एकट्यानं काय जेवू?

काय? तुमाला बोलावलं? पोरगी जाऊ दे की. आवं, पण तुमी कुठं निघाला? पोरीला एकटीलाच पाठवा, नर्सबाई हाय आत, तुमी हितं बसा माझ्याजवळ. ऐका माझं, नका जाऊ आत... जाणारच व्हय? बरं. जावा मग. ऐका जावा.