देखण्या गोळ्या

नेमबाजीच्या निवड स्पर्धेच्या रांगेत डॉक्टरीणबाई रायफल घेऊन उभ्या होत्या. पुढे एक मुलगी आणि तिचे काका. ऐकायचं नाही असं ठरवूनही बाईंचे कान तिकडेच लागले होते.

“काका, सरावाचा कागद बघा. ही भोकं गोल आहेत का?”

“लांबट आहेत. पण कागदाला लागल्यात ना?”

“गोळी आडवी होऊन गेलीय! टोकाने नाही, कुशीवर!”

“दमली असेल. पल्ला काय कमी आहे?”

“चेष्टा नको. आज निवड हुकली तर वर्षभर घरी बसायचं. आखूड गोळ्या आणा म्हटलं होतं ना मी?”

“अगं, ती आखूड गोळी बटाट्यासारखी दिसते. ही बघ, कशी सडपातळ, टोकदार, वारा कापत जाणारी!”

“लांब गोळीला जास्त गिरकी लागते. आपल्या रायफलची नळी तेवढी देत नाही, मग ती डगमगते.”

“हे दुकानदार बोलला होता खरं.”

“मग?”

“मला वाटलं, जुना माल गळ्यात मारतोय.”

“आता काय करू? नंबर आलाच माझा!”

“मी आहे ना!” काका मागे वळले. “ताई, तुमची रायफल आमच्याच मापाची दिसतेय. गोळ्या आखूड आहेत का हो?”

“आहेत,” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“काका, त्याही निवडीलाच आल्यात!”

“म्हणूनच विचारतोय. ताई, अदलाबदल करू या? आमच्या दिसायला फार देखण्या आहेत.”