दुसरी किल्ली

…नाही हो, वेळ कसला, कानस फिरवली की झालं. बसा त्या स्टुलावर. खोलीची किल्ली दिसतेय – मुलाच्या? हं. सारखा दार लावून बसतो म्हणता – नाही, सहज विचारलं. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. एकोणिसाव्या वर्षी सुरू झालं. आधी दार लावून बसणं, मग एक दिवस म्हणाला, ‘दादा, माझ्या खोलीत कुणीतरी येऊन जातं.’ कशानं झालं म्हणता? ज्याला त्याला कारण पाठ! आत्या म्हणे, आईनं लहानपणी जवळ घेतलं नाही. आई म्हणे, तुमच्याच घराण्याच्या रक्तात आहे. शेजारचे मास्तर म्हणे, अभ्यासाचा ताण. एक डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रसायनं. दुसरे म्हणाले, थोडं रक्तातून, थोडं परिस्थितीतून. तिसरा भला माणूस – म्हणाला, खरं सांगू, आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. आई मात्र मरेपर्यंत मनातून स्वतःलाच दोष देत राहिली. कंटाळलो हो मी कारणं ऐकून ऐकून.

आता मुलगी माझी एकोणीसची. छान आहे, हुशार आहे – फक्त दार लावून बसते. मग काय, हातात कला आहेच, घासली तिच्या खोलीची दुसरी किल्ली. ती कॉलेजला गेली की जातो, वह्या चाळतो, काही वेडंवाकडं लिहिलंय का बघतो, सगळं होतं तसं ठेवतो. काळजीच ना ही? आज सकाळी पोरगी रडवेली होऊन म्हणते, ‘बाबा, माझ्या खोलीत कुणीतरी येऊन जातं.’ बायकोनं लगेच फोन लावला. उद्या अकराला डॉक्टरांकडे न्यायचंय तिला. मी? मी ती किल्ली तशीच खिशात घालून दुकानात आलो.

वडीलही किल्ल्याच करायचे, याच टेबलावर. ते गेल्यावर त्यांच्या खणात भावाच्या खोलीची किल्ली सापडली. तेवढ्यानं कुणाला आजार होत नाही, डॉक्टरांना विचारलंय मी. भाऊ आजारी होताच. पण तेवढं एक तरी तो खरं बोलत होता – आणि आम्ही सगळ्यांनी त्याला सांगितलं, तुला भास होतात.

तुमच्या मुलाला माहितीये, ही किल्ली करताय ते? – मग घ्या ही परत. नाही करत. उठा, दुकान बंद करतोय. पोरगी घरी आली असेल.