काकूंना झोंबलं त्या दुपारी

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या आदरणीय अधीक्षक मॅडम, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, डॉक्टर मंडळी, माझ्या परिचारिका भगिनी, स्वयंपाकघरातले माझे सगळे भाऊबंद, आणि जिच्यासाठी आपण आज जमलो ती, हारातुऱ्यांनी अवघडून बसलेली आमची उत्सवमूर्ती, काकू!

आधीच्या वक्त्यांनी काकूंच्या हाताच्या चवीचं भरभरून कौतुक केलं. ते खरंच आहे. पण मी आज सांगणार आहे ती त्यांची चव गेली तेव्हाची गोष्ट. घाबरू नका काकू, तुमची परवानगी मी सकाळीच काढली आहे.

तीन वर्षांपूर्वी काकू तापाने आजारी पडल्या. बऱ्या होऊन पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात कामावर आल्या आणि थोड्याच दिवसांत माझ्या वॉर्डातून ताटं भरलेलीच परत जायला लागली. कधी मीठ नाही, कधी मिठाचा खडा. आम्ही समजलो, अशक्तपणा असेल. एवढ्या मोठ्या बाईला विचारायचं तरी कसं?

त्याच सुमारास मागच्या गल्लीत एक जपानी उपाहारगृह सुरू झालं. आचारी खुद्द जपानी. आमच्या औषधविभागातल्या भाऊंच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते सहजी निघत नाही, हे आपण जाणताच! एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी काकूंना आणि मला ओढून नेलं.

लाकडी फळीपाशी उंच स्टुलांवर आम्ही तिघं बसलो. समोर म्हातारा आचारी माशाचे काप काढत होता, प्रत्येक कापानंतर सुरी फडक्याला पुसत होता. भाऊंचा जन्म काड्या घालण्यात गेला, पण त्या दिवशी हातातल्या जेवायच्या दोन काड्या काही केल्या जुळेनात! (हसा भाऊ, तुम्हीही हसा.) आधी मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, गढूळ सूप आलं. भाऊ म्हणाले, "समुद्रकाठी बसल्यासारखं वाटतंय." मग कच्च्या माशाचे काप आले. मी डोळे मिटून एक तोंडात टाकला, तर लोण्यासारखा विरघळला.

आणि काकू? सुपाला "छान", माशाला "छान", नुसत्या भातालाही "छान". एकाच सुरात. दुसऱ्याने केलेल्या चहाला ज्यांनी कधी नुसतं छान म्हटलं नाही, त्या काकू!

ताटलीत हिरव्या वासाबीचा गोळा होता. मोहरीहून जहाल, माशाला नखभर लावायचा. काकूंनी तो अख्खा उचलला आणि तोंडात टाकला.

"अहो काकू, थांबा!" भाऊ ओरडले.

काकूंचा चेहरा लालबुंद. डोळ्यांतून, नाकातून धारा. आचारी सुरी ठेवून धावला. मी पाणी पुढे केलं, तर त्यांनी माझा हात धरला. "नको पाणी. राहू दे. झोंबलं हो सिस्टर, मला झोंबलं!"

"झोंबणारच, पण..."

"इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी लागलं."

मग त्या बोलल्या. तापात वास गेला आणि त्याच्यामागोमाग चवही गेली. फोडणी जळाली तरी कळत नव्हतं. "उद्या गॅस सुटला तरी मला कळायचं नाही. माणसं उपाशी राहतात माझ्यामुळे. मी नोकरी सोडतेय. तुमच्याबरोबर शेवटचं जेवावं म्हणून आले."

भाऊंनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाले, "काकू, हात तर शाबूत आहेत ना? जीभ आम्ही देऊ. पण उद्या मॅडमना स्वतः सांगा."

दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं. आणि मॅडम, आपण त्यांना घरी पाठवलं नाहीत. गॅसपाशी दुसरं माणूस नेमलंत, चाखायला दोघींना सांगितलंत. त्याबद्दल आज आपल्याला जाहीर नमस्कार.

पण खरी गंमत पुढेच आहे. तोवर काकू स्वयंपाकघराबाहेर क्वचित यायच्या. आता स्वतः वाडगा घेऊन वॉर्डात यायला लागल्या. माझ्याकडे एक आजोबा होते. बायको गेल्यापासून त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. डॉक्टर थकले, मुलगी रडली, मी रागावले. काहीच उपयोग झाला नाही. काकू त्यांच्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, मला चव कळत नाही. तेवढं सूप कसं झालंय सांगता?"

आजोबांनी चमचाभर घेतलं. "मीठ कमी आहे."

काकूंनी चिमूटभर घातलं. "आता?"

"आता बरं आहे. पण मिरी हवी."

"आणि आता?"

असं करत करत वाडगा रिकामा झाला. आजोबांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं, म्हणून मी पडद्याआड जाऊन डोळे पुसले.

आज काकूंना परतलेल्या कांद्याचा वास येतो, लिंबू आंबट लागतं. कॉफी अजून गरम पाण्यासारखीच लागते म्हणे. असो, उरलेलं सावकाश येईल. आता निवृत्तीच आहे, घाई कसली?

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, संयोजकांनी मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही राहिलं असेल, काही जास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. धन्यवाद.