बोलता येईल एवढाच वेग

नाही नाही, आठवड्याच्या सरावाचे बारा तासांचे पंधरा करायचे नाहीत, ओदवार — स्कीला मेण लावून घ्यायला आलोय म्हणतोस, पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस, खिशातला कागद दिसतोय मला — आण इकडे. चर्चची टेकडी, चाकांच्या स्कीवर — सप्टेंबरात एकवीस मिनिटं, ऑक्टोबरात एकवीस, आज सकाळी एकवीस आणि वर वीस सेकंद. म्हणजे तुझ्या लेकीची, तिरिलची गाडी अडलीय. अडते रे, सगळ्यांचीच अडते, सोळाव्या वर्षी तर अडतेच. आठवडाभर अडली तर सोडून द्यायचं, दोन-तीन आठवडे झाले तर झोप बघायची, जेवण बघायचं — आणि दीड महिना झाला की सराव बदलायचा. बदलायचा म्हणजे वाढवायचा नाही. एवढंच आपल्या खोऱ्यात कुणाच्या डोक्यात शिरत नाही, जन्माला येतानाच पायात स्की घालून येतो म्हणे आपण नॉर्वेवाले, मग थांबणार कसे. एक आठवडा निम्मं करायचं. निम्मं. मग बघायचं. कॉफी घे, गार होतेय.

तर काय विचारत होतो — सावकाश पळायच्या दिवशी तू असतोस ना तिच्याबरोबर, सायकलवर? मीही असायचो. सुन्नीवाबरोबर, माझ्या लेकीबरोबर — लाल टोपी घालायची, आठवत असेल तुला. सावकाश म्हणजे किती, तर पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. बास. शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे हे आपल्याकडे. आणि सुन्नीवा काय बोलायची रे — मास्तरीणबाई कशा चालतात, कुणाच्या कुत्र्याला काय झालं, पंधरा किलोमीटर तोंड बंद नाही, मीच कंटाळायचो. मग त्या वर्षी पानगळीत गप्प झाली. मला वाटलं, आता लक्ष लागलं पोरीचं. घरी येऊन ग्रोला सांगितलंसुद्धा — शहाणी झाली म्हटलं लेक तुझी. शहाणी कसली, बोलायला दमच उरला नव्हता तिच्यात. आणि वेळ हलेना, म्हणून मी दोन तास वाढवले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

वही होती ना. तिरिलचीही असणार, सगळ्यांची असते — सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच नाडी मोजायची आणि लिहायची, शरीर थकलं की चढते ती. सुन्नीवाच्या वहीत रोज शेहेचाळीस. सहा आठवडे शेहेचाळीस. माणसाची नाडी अशी असते का? एक दिवस चव्वेचाळीस, एक दिवस पन्नास — पण मला आवडणारा आकडा होता तो, आणि तिला ते ठाऊक होतं. पोरीनं मला फसवलं, असं मी सांगतो सगळ्यांना. क्लबात तेच सांगितलं. डॉक्टरांना तेच.

फसवलं नव्हतं — थांब, बस जरा. हे मी ग्रोलाही सांगितलेलं नाही, आता तोंडातून निघतंच आहे तर — एका पहाटे मीच गेलो तिच्या खोलीत. झोपली होती. मनगट धरलं, घड्याळ लावलं. त्रेसष्ट. परत मोजलं — त्रेसष्ट. हात पांघरुणात ठेवला, खाली आलो आणि स्की गाडीत टाकल्या. संघाची निवड नऊ दिवसांवर होती ना. डोळ्यांवर कातडं ओढून घेणं म्हणतात ते हे. अर्ध्या चढावर ती खाली बसली — पडली नाही, बसली, रस्त्याच्या कडेला, म्हातारी बसते तशी — आणि मी काय म्हणालो असेन? घड्याळ चालू आहे, म्हणालो. माझी मलाच लाज वाटते रे अजून.

पुढची दोन वर्षं जिना चढताना मध्येच बसावं लागायचं तिला. आता बरी आहे, ट्रोम्सोत शिकवते. दर रविवारी फोन करते. मी उचलला तर म्हणते, आई आहे का. तेवढेच तीन शब्द, नऊ वर्षं झाली. मी म्हणतो, आहे, आणि देतो फोन. ग्रो बाजारात गेलेली असली तरी मी आहे म्हणतो — तेवढाच तिचा श्वास ऐकू येतो, ग्रोला शोधतोय असं दाखवेपर्यंत.

तिरिल बोलते का रे पळताना? — राहू दे, नको सांगूस, दिसतंय तोंडावर. आणि आत्ता कुठंय ती? गाडीत? पाऊण तास झाला, ओदवार. आत यायचं नाही म्हणाली, की तू विचारलंसच नाहीस? बरं. स्की इथेच राहतील. मेण लावून झालंय, तरी नाही देणार, आठवड्यानं ये — माझ्यावर चिडायचं तर चीड. हे संत्रं घेऊन जा तिला. सोलून दे, बोटं गारठली असतील तिची. आणि घरी पोचेपर्यंत त्या एकवीस मिनिटांचं नावसुद्धा काढू नकोस. गप्प बसली तर बसू दे. बोलली, कुणाच्या कुत्र्याबद्दल जरी बोलली — तर गाडी हळू चालव.

जा आता. दार ओढून घे.