चौकटीबाहेरची राजकन्या

मंडळी, आधी एक प्रश्न. आपल्याकडे कुणी बघत नसेल, आपलं नावही कुठे येणार नसेल, तर काम मन लावून करायचं की नुसतं उरकायचं? पुढे बसलेल्या पोरांनो, तुम्ही सांगा. काय? “बाई बघत असतील तर मन लावून.” शाबास, खरं बोललीस! आता मोठ्यांना विचारायचं मला धाडस नाही.

तर ऐका. पाचगणीला एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. हो, कीर्तनात सिनेमा! दचकू नका – तुम्हीही बघता, मीही बघतो.

गोष्ट परीकथेची, पण काळ आजचा. राजकन्या शापानं दगड होऊन बागेत उभी. एक रिक्षावाला येतो, तिच्याकडे प्रेमानं बघतो – आणि दगडाची पुन्हा मुलगी होते. म्हणजे सगळा सिनेमा त्या एका बघण्यावर!

राजकन्या होती ओवी सरपोतदार, नावाजलेली नटी. रिक्षावाला सुजय धारप, अगदी नवखा. सकाळी ओवीचं काम झालं. मग कॅमेरा वळला सुजयच्या चेहऱ्याकडे. आता तिथली रीत अशी – ज्याचा चेहरा टिपायचा, तो एकटाच चौकटीत. समोरचं माणूस दिसणारच नाही, म्हणून ते जातं विश्रांतीला. त्याच्या जागी एक काठी, वर लाल चिकटपट्टी. तिच्याकडे बघायचं आणि प्रेम करायचं. घरी करून बघा!

सुजयनं केलं. नऊ वेळा.

दिग्दर्शिका नंदाताई रेगे म्हणाल्या, “बाळा, राजकन्येकडे बघतोयस की विजेच्या मीटरकडे?”

सगळे हसले. सुजय नाही हसला. कारण ताई पुढे हळूच म्हणाल्या, “आणखी एकदा घेऊ. नाही जमलं तर उद्या दुसरा मुलगा बोलवावा लागेल.”

ओवी तिकडे तोंडावरचा राखाडी रंग पुसत होती. अर्धा चेहरा माणसाचा, अर्धा दगडाचा. तिनं हे ऐकलं. तशीच आली, काठी बाजूला केली आणि तिच्या जागी उभी राहिली.

“ओवीताई, तुम्ही फ्रेममध्ये नाही,” कॅमेरावाला म्हणाला.

“ठाऊक आहे. त्याला दिसतेय ना?”

आणि मंडळी, तिनं सकाळचं सगळं पुन्हा केलं. आधी बोट हललं, मग पापणी, मग अडकलेला श्वास सुटला. त्या अर्ध्या रंगलेल्या तोंडाचं सुजयला आधी हसूच आलं. हसता हसता डोळे कधी भरले, त्यालाही कळलं नाही. नंदाताईंनी हलकेच ‘कट’ म्हटलं आणि नाक पुसलं.

“जमलं का, ताई?”

“उद्या सहाला ये. उशीर केलास तर बघ.”

सिनेमा लागला. लोक म्हणाले, काय मोहिनी आहे पोराच्या नजरेत! ती आली कुठून, ते पडद्यावर दिसतच नाही. देवाचं काम मला असंच वाटतं. कौतुक आपलं होतं, समोर उभा तो असतो.

आता तुमच्याकडे वळतो. लेक शाळेतली गंमत सांगते, आपण मोबाइल बघत ‘हं, हं’ करतो. आई विचारते भाजी कशी झालीय, आपण टीव्हीकडे बघून मान हलवतो. मग तक्रार – घरात कुणी मोकळं बोलतच नाही. कसं बोलेल? ऐकायला कोण आहे?

टाळ उचलायच्या आधी एवढंच करा. शेजारच्या माणसाकडे वळा. विचारा, “कसं चाललंय?” आणि त्याचं सांगून होईपर्यंत ऐका. मी थांबतो. अभंग कुठे पळून जात नाही.