कुणाचं सुतक

आवडा : येणार नाय म्हंजे? सख्ख्या बहिणीच्या लेकराचं बारसं हाय. दुपटं-टोपडं मामाच्या हातचं लागतं. औरंगपुऱ्यात अख्खी दुपार घालवून आणलंय मी ते.

बद्रीनाथ : तू घेऊन जा. पोरांनाबी ने.

आवडा : आणि आशाताईंनी विचारलं, दादा कुठाय, तर?

बद्रीनाथ : सांग, कंपनीत डबल ड्युटी लागली.

आवडा : सोमवारीबी ड्युटीच होती ना?

बद्रीनाथ : व्हय.

आवडा : कंपनी पैठणला कधी गेली?

बद्रीनाथ : कोण म्हणलं तुला?

आवडा : बघा. "नाय" नाय म्हणलात, "कोण म्हणलं" म्हणलात. खालच्या सरूबाईनं बघितलं तुम्हाला पैठणच्या गाडीत चढताना. डबाबी जसा नेला तसाच परत आला.

बद्रीनाथ : काम होतं एक.

आवडा : कुणाकडं?

बद्रीनाथ : खामखा शक घेऊ नको, आवडे.

आवडा : मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत. मला दिसतंय ना सगळं. दाढी वाढवलीय. खाली चटईवर झोपता, मला सांगता कंबर दुखतीय. काकासाहेब आले, मी पाया पडले, तुम्ही लांबूनच मान हलवली. चुलत्याच्या पाया पडायचं कधी सोडलं नव्हतं तुम्ही. त्यांनी मारुतीचा प्रसाद दिला, तो तुम्ही गुपचूप पोराच्या हातावर ठेवला. देवाऱ्याकडं तर फिरकत नाय. मामंजी गेले तव्हा अस्संच केलं होतं तुम्ही. हे सुतक हाय. कुणाचं पाळायले?

बद्रीनाथ : कुणाचं नाय.

आवडा : पैठणला कोण हाय?

बद्रीनाथ : कुणी नाय म्हणलं ना.

आवडा : मग मीच सांगते. तिथं बाई हाय एक. तिला लेकरू झालं आणि ते गेलं. म्हणून आशाताईच्या बाळाला हात लावायची भीती वाटायली तुम्हाला. खरं का खोटं?

बद्रीनाथ : अर्धं खरं हाय.

आवडा : कोणतं अर्धं?

बद्रीनाथ : लेकराचं.

आवडा : म्हंजे हाय. आणि मी इतके दिवस तुमच्या कंबरेला तेल चोळत बसले.

बद्रीनाथ : बाई नाय दुसरी. तूच.

आवडा : मला येडी करू नका. माझी दोघं बाहेर अंगणात खेळायलीत.

बद्रीनाथ : तिसरं. दवाखान्यातलं.

आवडा : ते कुठं लेकरू होतं? दुसरा महिना होता नुसता.

बद्रीनाथ : माहीत हाय मला.

आवडा : आणि ठेवायचं नाय, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. धाकटीच्या वेळी मी मरता मरता वाचले. त्या दिवशी डॉक्टरीणबाईपुढं पुन्हा विचारलं तुम्हाला. म्हणलात, "तुला बरं वाटंल ते कर." आणि चहाला निघून गेलात. मी तिथं एकटी, छताकडं बघत. लई राग आला होता तुमचा.

बद्रीनाथ : चहा नाय पिलो.

आवडा : मग काय केलं इतका वेळ?

बद्रीनाथ : टपरीवर ग्लास हातात घेऊन उभा राहिलो. पार गार झाला, तसाच ओतून दिला.

आवडा : बोल लावायचा असंल तर तोंडावर लावा. असा मुका मार नको.

बद्रीनाथ : बोल कशाचा? केलं ते बरोबरच केलं. आज विचारलंस तरी हेच म्हणीन. तुला काही झालं असतं तर मी कुठं गेलो असतो? पण बरोबर केलं, तरी रडू येतंय. हे कुणाला सांगू? कंपनीत सांगू? तुला सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं, ह्याचं मन फिरलं. म्हणून पैठणला गेलो. घाटावरच्या गुरुजींना विचारलं.

आवडा : काय विचारलं?

बद्रीनाथ : सुतक किती दिवस धरायचं.

आवडा : मग?

बद्रीनाथ : म्हणले, एवढ्याचं सुतक आईला असतं, थोडे दिवस. बापाला नसतं. बापानं एक आंघोळ केली की झालं.

आवडा : आईला असतं? मी तर दुसऱ्याच दिवशी देवाला फुलं वाहिली.

बद्रीनाथ : बघितलं मी. मला वाटलं, तुझं संपलं.

आवडा : कुणी सांगितलं तुम्हाला, संपलं म्हणून?

बद्रीनाथ : तू काही बोललीच नाय.

आवडा : तुम्ही तरी कुठं बोललात? आणि ती आंघोळ? केली का?

बद्रीनाथ : केली. तिथंच, गोदावरीत. डोक्यावरून पाणी घेतलं.

आवडा : मग हे कामून चालू हाय अजून?

बद्रीनाथ : नाय गेलं, आवडे. एका आंघोळीनं नाय गेलं.

(फोन वाजतो.)

आवडा : राहू द्या, मी घेते. हां, बोला आशाताई.

आशा : वहिनी, कुठवर आलात? पाळणा बांधून झाला, बाया जमल्यात, घुगऱ्या शिजल्यात. दादाला म्हणावं, मामा आल्याबिगर मी लेकराला पाळण्यात घालत नसते.

आवडा : घाला ताई. आमची वाट नका बघू. आम्हाला नाय येता येणार.

आशा : असं कसं? सकाळी दादाचा आवाज ऐकला तव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. भांडलात ना? खरं सांगा.

आवडा : नाय भांडलो. आम्हाला सुतक हाय.

आशा : सुतक? अगं बाई. आणि मला कुणी कळवलं नाय? कोण गेलं? काकासाहेब?

आवडा : काकासाहेब बरे हायत. तुम्हाला नाय लागत ते, ताई. आमच्या दोघांचंच होतं.