नवा टायर

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावी टायरच्या दुकानात ग्लेनिस आपल्या गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर पिकल्या दाढीचे दोन मोटारसायकलवाले बोलत होते.

"नेव्हिल, तुझा मागचा टायर नवाच होता ना रे?"

"होता, म्हणून तर घात झाला, कीथ. आपल्या क्लाइव्हला पुरलं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मानवंदना म्हणून पुढचा ब्रेक दाबून मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरवलीत, टायर फुटेपर्यंत. मला नवाकोरा टायर जाळवेना. हेल्मेट धरून उभा राहिलो."

"एवढ्या धुरात कोण बघतंय, लेका!"

"त्याच्या बायकोनं बघितलं. म्हणाली, तुझ्या लग्नात त्यानं टायर फोडला आणि घरी चालत गेला."

"अरे देवा!"

"काल गेलो एकटाच. थडग्यासमोर फोडला एकदाचा."

"मग? बरं वाटलं?"

"कुठलं! धूर विरला, तर आरोळी ठोकायला कोणी नाही. बसलो आपला त्याच्या दगडावरची काजळी शर्टानं पुसत."

ग्लेनिसच्या हातातलं मासिक मघापासून त्याच पानावर होतं. आतून दुकानदारानं हाक दिली.

"नेव्हिल, या खेपेला टिकाऊ बसवू ना?"

"नको रे, स्वस्तातलाच बसव," नेव्हिल कीथकडं बघत म्हणाला. "हा राहिलाय अजून."